माळवदाचं ओझं

मागचा भाग वाजला त्याच्या दुसऱ्या दिवशी औसा तालुक्यातून एका ताईंचा फोन आला. त्यांनी दोन वर्षांपूर्वी जुन्या घराचं माळवद उतरवलं आणि पत्रे टाकले. आता सासूबाई म्हणतात, घराची भट्टी झाली. मालक म्हणतात, काही झालं तरी डोक्यावर पुन्हा माती नको. सून बाळंतपणाला आलेली, तीही उन्हाळ्यात. आणि घरकुलाचा पहिला हप्ता खात्यावर जमा झालेला. ताईंनी विचारलं, "तुम्हीच सांगा, छत कशाचं करू?"

फोनवर दोन मिनिटांत सांगावं असा हा प्रश्न नाही. आपल्या भागात छताला मोठा इतिहास आहे, आणि त्या इतिहासात माणसं गेलेली आहेत. म्हणून आजचा सगळा भाग आम्ही याच गोष्टीला दिला आहे.

माळवद म्हणजे काय, हे आपल्या मुलींना आता सांगावं लागतं. आधी लाकडाचा सांगाडा. खांबावर तुळई, तुळईवर कड्या, कड्यांवर फळ्या किंवा किलचण. त्यावर पाला-काटक्यांचा थर आणि सगळ्यात वर माती. दोन खांबांमधल्या जागेला खण म्हणायचं. घर किती मोठं असं कुणी विचारलं तर चौरस फूट नाही, खण सांगायचे. खानदेशात अशा घराला धाब्याचं घर म्हणतात. वरची माती साधी नसे. जुन्या वस्तीच्या टेकाडाची पांढरी माती शोधून आणायची, कारण ती चोपली की घट्ट बसते आणि पाणी लवकर आत घेत नाही. काळी माती वर टाकून चालत नाही. ती उन्हात फाटते आणि पहिल्याच पावसात घर गळतं.

भिंती दगडाच्या. मराठवाड्यात काळा दगड मुबलक आणि लाकूड कमी, त्यामुळे भिंतीला दगडच. दोन फूट, तीन फूट, वाड्यांमध्ये त्याहूनही रुंद. बाहेरून एक थर, आतून एक थर, मध्ये दगडाचा चुरा आणि माती. खिडक्या नावालाच. चोरा-दरोडेखोरांची भीती होती, आणि बाईमाणसानं बाहेर दिसू नये हाही विचार होताच. उजेड आणि धुरासाठी छताला एक भोक. कुठे त्याला धुराडं म्हणतात, कुठे साणं.

या घराची दुपार ज्यांनी अनुभवली आहे, त्यांना थंडावा म्हणजे काय ते सांगायला नको. वैशाखात बाहेर बेचाळीस-त्रेचाळीस अंशांचं ऊन असायचं. आत सारवलेल्या भुईवर पाठ टेकली की झोप लागायची. पंखा नव्हता, विजेचं बिल नव्हतं.

हे कसं व्हायचं, ते थोडं समजून घेऊ. उन्हाला घराबाहेर ठेवण्याच्या दोन रीती आहेत. एक रीत उष्णता अडवण्याची. थंडीत आपण गोधडी घेतो. गोधडी स्वतः गरम नसते. तिच्या थराथरांत हवा अडकलेली असते आणि अडकलेल्या हवेतून उष्णता सहज जात नाही. गवत, पाचट, कडबा, भाताचं तूस, कापूस, लोकर हे सगळे पदार्थ असंच काम करतात. सपराच्या घरावरचं पाचटाचं छप्पर म्हणजे घराची गोधडीच. दुसरी रीत उष्णता साठवून ठेवण्याची, आणि ते काम माती-दगड करतात. फूटभर मातीवर सकाळी पडलेलं ऊन आतल्या बाजूला पोचायला सुमारे आठ-दहा तास लागतात. तोवर सूर्य कलतो, बाहेरची हवा निवते, आणि पहाटेपर्यंत माती आपली उष्णता परत आभाळाला देऊन टाकते. पुन्हा दुसऱ्या दिवशी रिकामी. चार इंचांच्या स्लॅबला एवढा वेळ लागत नाही, दोन-तीन तासांत ऊन आत. म्हणून स्लॅबचं घर संध्याकाळी सगळ्यात जास्त तापलेलं असतं, आणि आपण अंथरूण घेऊन अंगणात जातो. पत्र्याचं तर बोलायलाच नको. लोखंडातून उष्णता कोरड्या मातीपेक्षा पन्नास पटींहून वेगानं जाते, आणि पत्र्याला जाडी म्हणून नसतेच.

आपल्या मुलखात हे शहाणपण फार जुनं आहे. वेरूळच्या लेण्यांमधल्या मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तुकडे मिसळलेले आढळले आहेत. त्यामुळे गिलावा हलका राहतो, फुटत नाही, आणि किड्यांचा उपद्रवही कमी होतो असं अभ्यासकांचं म्हणणं २०१६ साली प्रसिद्ध झालं. युरोपात आज त्याच जातीच्या झाडाच्या काड्या चुन्यात कालवून घरांच्या भिंती करतात आणि त्याला नवीन तंत्र म्हणतात! धाराशिव जिल्ह्यातलं तेर हे सातवाहनांच्या काळातलं व्यापारी गाव. तिथल्या जुन्या विटांची ख्याती अशी की त्या पाण्यावर तरंगतात. शेजारच्या तेलंगणात रामप्पा मंदिर आहे, तेराव्या शतकातलं. त्याचं शिखर अशाच हलक्या, सच्छिद्र विटांचं आहे. मातीत तूस किंवा भुसा मिसळून वीट भाजली की तो जळून जातो, त्याच्या जागी बारीक पोकळ्या राहतात आणि वीट हलकी होते. भार वर जाताना हलका व्हावा, ही गोष्ट त्या कारागिरांना कळलेली होती. आमच्या मते आजच्या विषयात हीच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आहे, आणि मधल्या काळात आपण नेमकी तीच विसरलो.

माळवदाच्या इतिहासात बायकांचं नाव कुठे येत नाही. पण मृगाच्या आधी पांढरी खणून आणायची कुणी? पाट्या डोक्यावर घेऊन शिडीनं वर चढवायची कुणी? गडी माणसं चोपणं घेऊन वर बसायची, खालून माती पुरवायच्या बायका. भिंती लिंपायच्या, भुई सारवायची, पावसाळ्यात गळतीखाली भांडी मांडायची, हेही आपलंच काम. घर थंड राहायचं ते या श्रमावर. आमच्या गटातल्या एक मावशी म्हणतात, "थंडावा फुकट होता म्हणतात, तो माझ्या मानेनं फेडलाय." चुलीचा धूर, अंधार, विंचवाची भीती, हे सगळंही त्याच घरात होतं. त्यामुळे जुन्या सगळ्यालाच सोनं म्हणायला आम्ही तयार नाही.

आणि एक चूक होत गेली, घराघरात, वर्षानुवर्षं, कुणाच्या लक्षात न येता. माळवद गळायला लागलं की जुनी माती उतरवण्याऐवजी तिच्यावरच नवी टाकायची. आजोबांनी चार बोटं टाकली, वडिलांनी चार बोटं, मुलानं आणखी. फूटभराचं माळवद दीड फुटाचं झालं, कुठे दोन फुटांचं, काही ठिकाणी त्याहूनही जास्त. थंडावा वाढला, गळती कमी झाली, सगळे खूश.

आता आपण हिशेब करू. सोपा आहे, बचत गटाच्या वहीत मांडता येईल असा. दहा फूट लांब, दहा फूट रुंद अशी एक खोली धरा. तिच्यावर दोन फूट चोपलेली माती असेल तर तिचं वजन जवळजवळ नऊ टन भरतं. सिमेंटची पोती मोजायची तर पन्नास किलोची सुमारे १८० पोती. एका खोलीवर! आणि ही कोरडी माती. भादव्यातली भिजलेली माती याहून जड.

तरीही भार उभा होता, कारण तो सरळ खाली येत होता. खांब आणि भिंती वरचा भार शंभर वर्षं पेलतात. पण जमीन आडवी हलली, की वरचं वजन जितकं जास्त तितका धक्का मोठा. भिंतीचे दगड मातीत बसवलेले, बरेचसे गोलसर. आतला आणि बाहेरचा थर एकमेकांना बांधून ठेवेल असा आरपार जाणारा लांब दगड बहुतेक भिंतींत नव्हता. खांब आणि तुळई यांच्या सांध्याला तिरका आधार नव्हता.

३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जन करून गावं उशिरा झोपली होती. पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी किल्लारीच्या परिसरात जमीन हलली. ६.४ रिश्टरचा धक्का. आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. औसा आणि उमरगा तालुक्यांतली गावंच्या गावं दगडमातीचा ढीग झाली. ज्यांनी ते पाहिलं त्यांना सांगायची गरज नाही, आणि ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगून कळत नाही. आमच्यातल्या दोघी तेव्हा शाळेत जाणाऱ्या मुली होत्या. आजही घरात माती वरून झरली, नुसती उंदरानं पाडली तरी, त्या आधी दाराकडे बघतात.

तोपर्यंत हा सगळा भाग सरकारी नकाशावर भूकंपाचा धोका सगळ्यात कमी असलेल्या पट्ट्यात होता. त्यामुळे भूकंप धरून बांधायचं कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

ढिगारे उपसताना एक गोष्ट उघडी पडली. गावात सगळ्यात भक्कम समजली जाणारी, जाड भिंतींची, भरपूर मातीची घरं बसली होती. आणि गावकुसाबाहेरची कुडाची सपरं, तुराट्या-पऱ्हाट्यांच्या भिंती आणि वर पाचट, त्यातली पुष्कळशी उभी होती. पडली तरी त्यांखाली माणूस दबून मरत नव्हता. ज्यांना दगडाचं घर परवडलं नाही, त्यांचा जीव हलक्या छपरानं वाचवला. दगडी घरांतही जिथे लाकडी सांगाडा चांगला होता, तिथे काही ठिकाणी भिंती बाहेर ढासळल्या, पण छत खांबांवर तरलं.

नंतर ५२ गावं नव्या जागी वसवायचं ठरलं. घराचं माप जमिनीच्या मापानं मिळालं. जमीन नाही किंवा अगदी थोडी, त्यांना २५० चौरस फूट. सरळ रेषेतले रस्ते, एकासारखी एक घरं, सिमेंटच्या भिंती आणि स्लॅब. लोकांना तेव्हा तेच हवं होतं. मातीचं नाव काढलं तरी अंगावर काटा येत होता, आणि त्याबद्दल कुणाला बोल लावता येणार नाही. पण दोन-तीन उन्हाळे गेले आणि बायका बोलायला लागल्या. दुपारी घरात बसवत नाही. ओसरी नाही, निवडण-टिपण कुठे बसून करायचं? मग ज्यानं त्यानं दारापुढे पत्र्याचं शेड काढलं, कुणी कडब्याचा मांडव घातला.

त्या ५२ गावांबद्दल सगळे बोलतात. आम्हाला मात्र दुसऱ्या गावांची गोष्ट जास्त शिकवणारी वाटते. ती म्हणजे, ज्यांची घरं पडली नाहीत, पण तडकली, अशा हजारो गावांची. तिथे सुमारे दोन लाख घरं होती. सगळी पाडून नवी बांधणं शक्यच नव्हतं. म्हणून दुरुस्ती आणि मजबुतीकरणाचा कार्यक्रम आला. पैसे आणि साहित्य सरकारकडून, काम घरमालकानं करून घ्यायचं. घरमालकिणीला कोण विचारणार? तेव्हा स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेनं सरकारपुढे गाव पातळीवर बायकांना या कामात घेण्याचा आग्रह धरला. १९९४ पासून लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या हजाराहून जास्त गावांत बायका संवाद सहायक म्हणून उभ्या राहिल्या. ज्या कधी ग्रामपंचायतीच्या पायरीवर चढल्या नव्हत्या, त्या अभियंत्याला विचारू लागल्या, कोपऱ्याला सळई कुठे आहे, पट्टा किती उंचीवर घेतला.

त्या कामात जे शिकवलं गेलं, ते आज आपल्याला उपयोगी आहे. पहिली गोष्ट, माळवदाची माती उतरवून सात-आठ इंचांवर आणायची. काही ठिकाणी मातीच्या थरात जाड प्लॅस्टिकचा कागद घातला, म्हणजे गळतीसाठी वर माती चढवत राहायची गरज उरत नाही. खांब आणि तुळईच्या कोनात तिरकं लाकूड ठोकायचं. भिंतीला ठरावीक अंतरावर आरपार भोक पाडून त्यात सळई आणि काँक्रीट भरायचं, म्हणजे दोन्ही थर एकमेकांना धरून राहतात. आणि दाराच्या चौकटीच्या वर, सगळ्या घराला कंबरपट्टा घालावा तसा जाळी-सिमेंटचा पट्टा. घर तेच राहतं, थंडावाही राहतो. पुढे २००१ साली कच्छमध्ये भूकंप झाला, तेव्हा आपल्याकडच्या बायका तिथल्या बायकांना हे सांगायला गुजरातला गेल्या.

खरं सांगायचं तर सगळ्यांनी हे केलं नाही. पुष्कळांनी त्या पैशात जुन्या घराशेजारी सिमेंटची एक नवी खोली बांधली. जुनं घर तसंच जड राहिलं, नव्या खोलीत धान्याची पोती गेली, आणि माणसं उन्हाळ्यात पुन्हा माळवदाखालीच झोपू लागली. याची आम्हाला आजही काळजी वाटते.

आता मघाचा हिशेब पुढे नेऊ. त्याच दहा बाय दहाच्या खोलीवर सहा इंच माती असेल तर वजन भरतं सव्वादोन टन, म्हणजे ४५ पोती. आणि चार इंची स्लॅबचं वजनही जवळजवळ तेवढंच! म्हणजे माती मुळात वाईट नव्हती. दोन फूट माती वाईट होती, आणि तिच्याखालची न बांधलेली भिंत वाईट होती. पत्र्याचं वजन त्या खोलीवर जेमतेम पन्नास किलो. भूकंपाला पत्रा सगळ्यात चांगला, उन्हाला सगळ्यात वाईट. आपल्याला हवं आहे ते हलकंही आणि थंडही, आणि ते तेरच्या विटेत होतं, पाचटाच्या सपरात होतं. पोकळी. अडकलेली हवा.

तर औशाच्या ताईंसाठी. पत्रे आहेत तेच ठेवायचे असतील तर त्यांच्या खाली वीतभर मोकळी जागा सोडून बांबूचे तट्टे बांधून घ्या. तट्ट्याला खालून माती, शेण आणि गव्हाचं भूस कालवून पातळ लिंपण करा. वजन फार वाढत नाही आणि पत्र्याची झळ थेट अंगावर येत नाही. मधली तापलेली हवा निघून जायला दोन्ही टोकांना फट ठेवा, तिला जाळी लावा, नाहीतर उंदीर संसार मांडतील. चुलीच्या वर मात्र तट्टे आणायचे नाहीत. पत्र्यावरून चुन्याचे पांढरे हात उन्हाळ्याच्या तोंडावर दरवर्षी द्यायचे. पांढरा रंग बरंचसं ऊन परत फेकतो. अहमदाबादेत वस्त्यांमधल्या बायकांनी पांढऱ्या छतांचं काम पुष्कळ केलं आहे.

घरकुलाला स्लॅबच घालायचा ठरला, तर गवंड्याशी आधी बोला. केरळमध्ये लॉरी बेकर यांनी स्लॅबच्या खालच्या भागात मंगलोरी कौलं बसवून काँक्रीट वाचवायची रीत रुजवली. कौलांच्या जोडीमध्ये हवा राहते, त्यामुळे वजन कमी होतं आणि झळही कमी लागते. पण ही पद्धत माहीत असलेला गवंडी मिळाला तरच करायची, अर्धवट माहितीवर नाही. स्लॅब होऊन गेला असेल तर वर चुना, आणि पश्चिमेच्या भिंतीला वेल किंवा मांडव. भिंत विटांची असो की दगडाची, जोत्याच्या वर, चौकटीच्या वर आणि छताखाली सळईचा पट्टा घ्यायचाच. सरकारी नकाशात लातूर आता तिसऱ्या पट्ट्यात आहे. गवंडी म्हणेल, एवढ्याशा घराला काय करायचंय. तेव्हा तिथून उठायचं नाही.

आणि सासूबाईंना सांगा, सहा इंचांचं माळवद मागणं हा हट्ट नाही. खाली चांगला सांगाडा आणि बांधलेली भिंत असेल तर ते मागता येतं. मालकांना काय सांगायचं ते आम्हाला ठरवता येत नाही. त्या पहाटे त्यांच्या घरात काय झालं ते आम्हाला माहीत नाही.

ज्या घरांवर अजून माळवद आहे, त्या मैत्रिणींना एक काम. धुराड्याजवळ मातीची कड उघडी दिसते. तिथे काठी उभी धरा आणि खूण करून मोजा. किती इंच भरली, खोली किती बाय किती, आणि माती शेवटची कधी उतरवली, एवढं कागदावर लिहून गटाच्या बैठकीत द्या किंवा आम्हाला फोन करा. पुढच्या भागात आपण तुमचेच आकडे घेऊन पोती मोजू.